यंत्राला काम कळते की नुसती हालचाल?

वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : मी सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथचे प्रोग्रॅम करतो. काम बहुतेक फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर असते. मोबाइलला आता आपले बोलणे समजते, लेथला मात्र आजही जी-कोड या अक्षर-आकड्यांच्या भाषेत एकेक हालचाल सांगावी लागते. प्रोग्रॅमिंगच्या भाषा इतकी वर्षे जागच्या जागी का राहिल्या?
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : आपण रोज लिहीत असाल अशी एक ओळ घेऊ : ‘जी०१ एक्स४० झेड-२५ एफ०.२’. टूल सरळ रेषेत ४० मिलिमीटर व्यासावर २५ मिलिमीटर आतपर्यंत, जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटर या चालीने न्यायचे, एवढेच लेथला यातून कळते. ही बेअरिंग बसण्याची जागा आहे, येथे माप काटेकोर हवे आणि शेजारच्या मोकळ्या भागात थोडे इकडेतिकडे झाले तरी चालेल, ही माहिती ड्रॉइंगवर असते आणि आपल्या डोक्यात असते. प्रोग्रॅममध्ये ती कोठेच नसते. म्हणून इन्सर्ट (टूलच्या टोकाचे बदलता येणारे पाते) झिजू लागला की कोणत्या मापासाठी किती ऑफसेट (मापातील दुरुस्ती) द्यायचा, हे बहुतेक शॉपमध्ये माणसालाच ठरवावे लागते.

गंमत अशी की, याच्या वरच्या पातळीवर यंत्राशी बोलण्याची सोय फार जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत डग्लस रॉस यांच्या पुढाकाराने एपीटी नावाची भाषा तयार झाली आणि १९५९ मध्ये ती पत्रकारांना दाखवताना त्या पद्धतीने कापलेले ॲल्युमिनियमचे ॲश-ट्रे भेट म्हणून वाटण्यात आले. त्या भाषेत रेषांना आणि वर्तुळांना नावे देऊन ‘या रेषेच्या कडेने त्या वर्तुळापर्यंत जा’ असे सांगता येत असे आणि मधले सगळे आकडे संगणक काढत असे. पुढे पोस्ट-प्रोसेसर या दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याचे विशिष्ट मशीनला समजणाऱ्या आकड्यांत रूपांतर केले की रेषा, वर्तुळे आणि त्यांचे परस्परसंबंध तेथेच गळून पडत. आजच्या कॅड-कॅममध्येही (संगणकावरच्या ड्रॉइंगवरून मशीनचा प्रोग्रॅम काढण्याच्या पद्धतीत) बहुधा हेच घडते. आकडे टाळून ‘येथे भोक, येथे खाच, त्यांची मापे ही’ अशी माहिती थेट मशीनपर्यंत नेणारे आयएसओ १४६४९ हे मानक तयार आहे, परंतु चालू स्थितीतील कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) बदलण्याचा खर्च कोणता कारखानदार हौसेने करील? शिवाय जी-कोडची बाजूही घेतली पाहिजे. इन्सर्ट तुटल्यावर मधल्या ब्लॉकपासून (प्रोग्रॅमच्या ओळीपासून) काम पुन्हा सुरू करता येते आणि मशीनसमोर उभ्या असलेल्या ऑपरेटरला पडद्यावर प्रत्येक हालचाल वाचता येते, हे गुण लहान नाहीत.

आपला मूळ प्रश्न लेथपुरता नाही. चांगली कल्पना प्रयोगशाळेतून बाहेर येऊन रुळायला संगणकाच्या जगात अनेकदा एक पिढी गेली आहे. वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करण्याची युक्ती लिस्प या भाषेत १९६० च्या आधीच आली होती. सर्वसाधारण व्यावसायिक प्रोग्रॅमरच्या हाती ती मोठ्या प्रमाणावर पोचली ती १९९५ मध्ये आलेल्या जावामुळे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये केलेल्या स्केचपॅड या रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्ये पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढून ‘या दोन रेषा समांतर ठेव’ असे सांगितले की ते कसे साधायचे हे यंत्र पाहत असे. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरने ती कल्पना उचलली. हिशेब, नोंदी आणि यंत्रनियंत्रण यांच्या रोजच्या भाषांनी फारशी उचलली नाही.

फोरट्रान ही सुरुवातीच्या काळातील प्रोग्रॅमिंगची भाषा ज्यांच्या चमूने घडवली त्या जॉन बॅकस यांनीच १९७७ मध्ये ट्युरिंग या संगणकशास्त्रातील मोठ्या पुरस्काराच्या भाषणात तक्रार केली होती की, प्रचलित भाषा यंत्राच्या जुन्या रचनेला बांधलेल्या असून मेमरीतून एका वेळी एकच शब्द आणण्या-नेण्याच्या सवयीतून बाहेर पडत नाहीत. २००५ च्या सुमारास प्रोसेसरचा वेग वाढवणे उष्णतेमुळे अवघड झाले आणि एका चिपवर अनेक कोअर (स्वतंत्रपणे काम करणारे प्रोसेसर) बसवले जाऊ लागले, तेव्हा ही तक्रार व्यवहारात बोचू लागली. एकामागून एक पायरी सांगणाऱ्या भाषेत काम अनेक कोअरमध्ये वाटण्याची जबाबदारी प्रोग्रॅमरवर येते, आणि ती किचकट असल्यामुळे पुष्कळदा बाकीचे कोअर नुसते बसून राहतात.

प्रश्न : मी गुळाच्या अडत दुकानात हिशेब पाहतो. सारी पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) एक्सेलमध्ये होते. भाचा म्हणतो, हे काही प्रोग्रॅमिंग नव्हे. खरे काय?
– एक वाचक, शाहू मार्केट यार्ड, कोल्हापूर

उत्तर : हे प्रोग्रॅमिंगच आहे, आणि माझ्या मते सर्वांत यशस्वी प्रोग्रॅमिंग आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये आले, तेव्हापासून हिशेबनिसाला प्रोग्रॅमरच्या दारात जाण्याची गरज उरली नाही. वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई वजा, असा संबंध आपण एकदा लिहिता. दर बदलला की कोणता आकडा आधी काढायचा हे आपल्याला सांगावे लागत नाही. कामाची जाण असलेल्या माणसानेच यंत्राला सांगावे, हे संगणकाचे मोठे आश्वासन येथे तरी पुरे झाले.

उणीव दुसरीकडे आहे. शेवटच्या ओळीखाली आणखी एका शेतकऱ्याच्या रव्यांची (गुळाच्या ढेपांची) नोंद केली आणि बेरजेच्या सूत्राची कक्षा जुन्याच ओळीवर थांबलेली असली, तर एकूण रक्कम कमी येते आणि पडदा त्याबद्दल पुष्कळदा चकार शब्द काढत नाही. सूत्रे चौकटींच्या आड दडलेली असतात, त्यांची चाचणी कोणी घेत नाही. भाच्याला प्रोग्रॅमिंग येत असेल, तर त्याच्याकडून आपल्या पट्टीत पडताळणीचा एक स्तंभ करून घ्यावा.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता मराठीत सांगितले तरी प्रोग्रॅम लिहून देते. मग मुलीने प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावीच कशाला?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ‘बोअर (आतले भोक) चाळीसचा कर’ हे वाक्य शुद्ध मराठी आहे, पण त्यावर जॉब करता येत नाही. ड्रॉइंगवर ‘४० एच७’ लिहिले की बोअर ४०.००० ते ४०.०२५ मिलिमीटर या मर्यादेत हवा, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सारखेच कळते. बोलीभाषेतील मोघमपणा काढून टाकण्यासाठीच अशा खुणा आणि प्रोग्रॅमिंगच्या भाषा निर्माण झाल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता मोघम सांगण्यावरूनही काहीतरी लिहून देते आणि राहिलेल्या जागा स्वतःच्या अंदाजाने भरते. ते अंदाज कोठे घेतले हे पाहण्यासाठी लिहिलेले वाचता आले पाहिजे. आपल्या मुलीने पायथॉन या भाषेपासून सुरुवात करावी, आणि यंत्राकडून प्रोग्रॅम जरूर लिहून घ्यावा, मात्र तो चालवण्यापूर्वी प्रत्येक ओळ काय करणार आहे हे वहीत आपल्या शब्दांत लिहून काढावे.