सॅन दिएगो की मिनेसोटा : चाळीस लाखांचा फरक कोण फेडणार?

प्रश्न : मी ५२ वर्षांचा असून लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात १९९९ पासून शिकवतो, पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मुलगी सॅक्रामेंटोला मामाकडे राहून कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकली. पदवीच्या उरलेल्या दोन वर्षांसाठी तिला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत आणि मिनेसोटा विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. तिला पुढे अर्थशास्त्रात पीएचडी करायची आहे. राहण्या-जेवण्यासह सॅन दिएगोचा खर्च वर्षाला सुमारे ८० हजार डॉलर, तर मिनेसोटाचा ५८ हजार डॉलर आहे. आमची बचत ६२ लाख रुपये आहे, बार्शी रोडला साठ लाखांचा एनए प्लॉट आहे आणि औसा तालुक्यात चार एकर वडिलोपार्जित शेती आहे. मुलीचा कल सॅन दिएगोकडे आहे. त्यासाठी शेती विकावी की शैक्षणिक कर्ज काढावे?

उत्तर : पैसा कोठून उभा करावा, असे आपण विचारले आहे, तो किती उभा करायचा, हे मला आधी ठरवावेसे वाटते. डॉलर नव्वद रुपये धरला, तर दोन वर्षांसाठी सॅन दिएगोला १ कोटी ४४ लाख लागतात आणि मिनेसोटाला १ कोटी ४ लाख. प्लॉटचे साठ आणि बचतीतले चव्वेचाळीस एवढ्यात मिनेसोटा कर्ज न काढता पार पडते. उरलेली बचत कर आणि अडीनडीसाठी बाजूला ठेवली, तर मधला चाळीस लाखांचा फरक हे सगळेच्या सगळे कर्ज आहे, किंवा मग ती शेती आहे.

एरवी शैक्षणिक कर्जाला मी नाही म्हणत नाही. अभियांत्रिकीत एमएस करणारा मुलगा दोन वर्षांत पगारावर लागतो आणि हप्ता स्वतः उचलतो. अर्थशास्त्राच्या पीएचडीचा हिशेब मात्र उलटा आहे. अमेरिकेतल्या बहुतेक चांगल्या विभागांत पीएचडीला फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळते, त्यामुळे त्या पाच-सहा वर्षांची चिंता आपण करू नये. पण त्या विद्यावेतनात खाणेपिणे आणि घरभाडे भागते, चाळीस-पन्नास हजारांचा हप्ता निघत नाही. शिवाय आजकाल अनेक विद्यार्थी पीएचडीआधी एक-दोन वर्षे एखाद्या प्राध्यापकाकडे पगारी संशोधन सहायक म्हणून काम करतात, ज्याला तिकडे प्रीडॉक म्हणतात. म्हणजे पदवीनंतर सात-आठ वर्षे मुलीच्या हाती खरा पगार येणार नाही, आणि बँक मात्र अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिने ते वर्षभरात हप्ता मागू लागेल. उच्च शिक्षण चालू असेल तर काही बँका मुदत वाढवून देतात, परंतु व्याज थांबत नाही. साडेदहा टक्क्यांनी चाळीस लाखांचे नुसते व्याजच महिन्याला ३५ हजार होते आणि आपण सहा वर्षांत निवृत्त होणार आहात. आपली नेमणूक १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आहे आणि महाविद्यालय तेव्हा पूर्ण अनुदानित असेल, तर जुनी पेन्शन मिळेल, ही मोठीच जमेची बाजू आहे. तरीही पेन्शनीतून मुलीच्या पदवीचे कर्ज फेडत बसणे मला पटत नाही. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, असे कोणी सांगेल. ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि तीही आठच वर्षे.

आता या चाळीस लाखांत जास्तीचे काय मिळते, ते पाहू. सॅन दिएगोचे नाव अर्थमितीत, म्हणजे आकडेवारीवर आधारलेल्या अर्थशास्त्रात, मोठे आहे. २००३ चे नोबेल मिळवणारे एंगल आणि ग्रेंजर हे दोघेही तिथलेच. पण मिनेसोटाही काही कमी नाही : हर्विच तिथे होते आणि सार्जंट, सिम्स व प्रेस्कॉट यांची उमेदीची वर्षे तिथे गेली, आणि हे चौघेही नोबेल विजेते. पीएचडीची प्रवेश समिती मुख्यतः दोन गोष्टी पाहते. रिअल अॅनालिसिस, रेखीय बीजगणित आणि संभाव्यता या गणिताच्या विषयांतले गुण ही पहिली. संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांची तीन शिफारसपत्रे ही दुसरी. विद्यापीठ बदलून येणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण दुसऱ्या गोष्टीत असते, कारण पदवीनंतर लगेच पीएचडीला जायचे तर अर्ज शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरात जातात आणि तोवर नव्या ठिकाणी जेमतेम सव्वा वर्ष झालेले असते. त्यात सॅन दिएगोला दहा आठवड्यांची क्वार्टर पद्धत आहे. शंभर-दोनशे मुलांच्या वर्गात प्राध्यापकाला नाव कळेपर्यंत परीक्षा येते. मिनेसोटाचे सत्र सुमारे पंधरा आठवड्यांचे असते. हा फरक खर्चाच्या पत्रकात दिसत नाही, पण माझ्या दृष्टीने तो मिनेसोटाच्या बाजूने पडतो.

व्हिसाचा एक मुद्दा थेट पैशाशी निगडित आहे. विद्यापीठ व्हिसासाठी आय-२० नावाचा कागद देते, त्यावर मुलीच्या अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. सर्वसाधारण अर्थशास्त्राचा ४५.०६०१ असेल, तर पदवीनंतर बारा महिने काम करता येते. अर्थमिती व संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३ असेल, तर तो स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत येतो आणि एकूण छत्तीस महिने मिळू शकतात. दोन वर्षांचे प्रीडॉक बारा महिन्यांत बसत नाही. तेव्हा आपल्याला नेमका कोणता क्रमांक मिळणार, हे मुलीने दोन्हीकडे लेखी विचारावे.

शेतीबद्दल थोडक्यात सांगतो. बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली शेतजमिनीवर वसुली करता येत नसल्याने शैक्षणिक कर्जाला ती तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. गावाकडची जमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही, हे खरे. पण वडिलोपार्जित म्हटल्यावर सातबाऱ्यावर भावा-बहिणींची नावे असणार, आणि सर्वांच्या सह्या होईपर्यंत इकडे मुलीचे पहिले सत्र संपेल. ती आहे तशी राहू द्यावी.

प्लॉटचे काम मात्र आजच हाती घ्यावे. तो दोन वर्षांहून जुना असेल, तर नफ्यावर साडेबारा टक्के कर येईल. नऊ लाखांना घेतलेला असल्यास अधिभार धरून तो सात लाखांच्या आसपास जाईल आणि तो भरूनही बचतीतले दहा-अकरा लाख हाताशी राहतील. त्यांना हात लावू नये, कारण डॉलर एका रुपयाने चढला की मिनेसोटाचा वर्षाचा खर्च ५८ हजार रुपयांनी वाढतो. इसार घेऊन खरेदीखत दिवाळीपर्यंत लांबवणारे गिऱ्हाईक टाळावे, चार पैसे कमी आले तरी चालतील. आय-२० साठी पहिल्या वर्षाची रक्कम खात्यात दाखवावी लागते. पैसे पाठवताना पती-पत्नी दोघांच्याही खात्यांतून पाठवावेत, म्हणजे टीसीएस, अर्थात परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते तो कर, न लागण्याची वर्षाला दहा लाखांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र मिळेल. त्यावर कापला गेलेला टीसीएस विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकून पडतो.

मिनेसोटा निवडावे, हे माझे मत एकाच गोष्टीने बदलू शकेल. मुलीचे कम्युनिटी कॉलेजातले सगळे विषय मिनेसोटाने मान्य केले नाहीत आणि चारऐवजी पाच सत्रे लागणार असतील, तर २९ हजार डॉलर, म्हणजे सुमारे २६ लाख रुपये वाढतात आणि चाळीस लाखांचा फरक चौदा लाखांवर येतो. त्या स्थितीत, सॅन दिएगो दोनच वर्षांत पूर्ण होणार असेल आणि तिथे स्टेमचा क्रमांक मिळत असेल, तर उरलेल्या चौदा लाखांसाठी मी सॅन दिएगोला अडवणार नाही. म्हणून कोणता विषय कशाच्या बदल्यात धरला, याचे लेखी पत्रक मुलीने दोन्ही विद्यापीठांकडून मागवावे आणि ते हाती आल्यावरच प्रवेशाची रक्कम भरावी. कॅलिफोर्नियाची शेवटची तारीख साधारणपणे १ जून असते.