श्रावणात आधी ट्रकचा माल कमी करा

प्रश्न : कन्ना चौकाजवळ माझं किराणा दुकान आहे. रोज २० ट्रे अंडी खपतात, सगळी हैदराबादकडच्या ट्रकची. आता मोहोळ तालुक्यातले दोन तरुण पोल्ट्रीवाले माल घ्या म्हणतात, पण त्यांचं अंडं ३० पैशांनी महाग पडतं. मुलगा म्हणतो, उद्या अमेरिकेचा माल आला तर सगळंच बदलेल. कुणाचा माल किती ठेवू?
– एक दुकानदार, सोलापूर

उत्तर : भाऊ, मुलाची भीती अंड्यांची नाही, कोंबडीच्या तंगड्यांची आहे. अमेरिकेत छातीचं मांस जास्त खपतं, तंगड्या स्वस्तात उरतात. २०१५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकी पोल्ट्री मालावरची आपली बंदी टिकली नाही, पण तंगड्यांवर जबर आयात शुल्क आहे. तुमच्यासाठी बाहेरचा माल म्हणजे हैदराबादचा, नळदुर्गकडून येणारा ट्रक. तो बंद करू नका. जानेवारी २०२३ मध्ये राज्याला रोज एक कोटीहून जास्त अंडी कमी पडत होती. एकट्या मोहोळच्या भरवशावर दुकान चालणार नाही.

पण ट्रकवाल्याला दुसरी शंभर दुकानं असतात, पोल्ट्रीवाल्याला नसतात. फेब्रुवारी २००६ मध्ये तिकडे नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा इथे सोलापूरजवळ हिप्परग्याला माझे २,००० पक्षी होते. नवापूर कुठे, हिप्परगा कुठे! तरी माझ्या नेहमीच्या व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. रोजचे पन्नासेक ट्रे शेडमध्ये साचत होते आणि खाद्य तर घालावंच लागत होतं. बाळीवेशीतला एक दुकानदार मात्र रोज सहा ट्रे घेत राहिला. त्या पैशातून मी मका आणला. ते सहा ट्रे मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून आठ ट्रे स्थानिक, बारा महिने ठरलेले. बाकी ट्रकचे. डिसेंबरात मागणी वाढली की ट्रकचे वाढवा. श्रावणात खप पडला की आधी ट्रकचेच कमी करा. श्रावण लागला म्हणून कोंबडी अंडं घालायची थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हाने पक्षी धापा टाकतात, कवच पातळ होतं, फूट वाढते. ती कुणी सोसायची हे आत्ताच बोलून घ्या, नंतर त्यावरूनच संबंध तुटतात.

३० पैसे मात्र गिऱ्हाइकाकडून मागायला कारण हवं. त्या पोरांना सांगा, प्रत्येक ट्रेवर अंडी गोळा केल्याची तारीख लिहून द्या. ती तारीख गिऱ्हाइकाला दिसेल असा ट्रे पुढे मांडा.