तिथी कोणती होती?

फेब्रुवारी जवळ आला की प्रकल्पांची पत्रं येतात. जूनमध्ये मिळालेला विषय मुलांना आत्ता आठवतो. ठाण्यात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, तरी नौपाड्यातल्या घरी अजून कोणी ना कोणी वही घेऊन येतंच. म्हणून संपादकांनी या वेळचा गठ्ठा माझ्याकडे ढकलला आहे.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फील्ड प्रोजेक्टसाठी ‘प्रदूषणाचा फ्लेमिंगोंवर होणारा परिणाम’ हा विषय घेतला. मॅडम म्हणाल्या, विषय मोठा आहे, छोटा कर. कसा करायचा ते सांगितलं नाही. मी आठवडाभर रोज सकाळी सात वाजता इथल्या खाडीजवळच्या डीपीएस तळ्यावर जाऊन पक्षी मोजले. सोमवारी ४० होते, गुरुवारी मोजता येईनात इतके, आणि रविवारी फक्त दोन. रविवारी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यामुळे उडून गेले असावेत. मग आता गर्दीवरच विषय घेऊ का? (विद्यार्थी, नेरूळ)

उत्तर : सात दिवस पहाटे उठून तू तळ्यावर गेलास, हे मला तुझ्या विषयापेक्षा जास्त आवडलं. बहुतेक मुलं आधी शीर्षक टाईप करतात, मुखपृष्ठावर पक्ष्याचा फोटो लावतात आणि मग तळं कुठे आहे ते विचारतात.

तू तारखाही लिहिल्या आहेस, म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. सोमवारी सप्तमी होती, गुरुवारी दशमी, रविवारी त्रयोदशी. पक्ष्यांना तिथीचं काय, असं म्हणशील. पक्ष्यांना नसेल, पण खाडीला आहे. जवळच्या दिवाळे नाहीतर सारसोळे गावातल्या कोणाही कोळ्याला विचार, तो सांगेल की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. सात पाऊण सव्वापाच, दहा पाऊण साडेसात, तेरा पाऊण पावणेदहा. मुंबईच्या किनाऱ्याचा हा ठोकताळा आहे, खाडीत आत थोडा उशीर धरायचा. आमच्या पिढीला पाऊणकी पाठ होती, तू मोबाईलवर कर.

आता पक्ष्यांकडे बघ. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिथे चरतात. भरती चढली की चिखल पाण्याखाली जातो आणि ते आसपासच्या तळ्यांवर विसाव्याला येतात. गुरुवारी सात वाजता भरती जवळजवळ भरलेली होती. सोमवारी ती ओसरू लागून पावणेदोन तास झाले होते, आणि रविवारी ती यायलाच अजून पावणेतीन तास होते. तू वहीत पक्षी मोजलेस, मला मात्र त्या आकड्यांत चंद्र दिसतोय.

मला दिसतोय म्हणून तो असेलच असं नाही. सात दिवसांच्या आकड्यांवर मीही पैज लावणार नाही. पण मॉर्निंग वॉकवाल्यांवर खापर फोडायच्या आधी ही शंका फेडायला हवी.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून लगेच ओळखली. एम.ए.ला असताना मी वागळे इस्टेटकडे जाणारे ट्रक मोजायला नाक्यावर उभी राहायचे. डब्यात पोळीभाजी, हातात रेघा मारायची वही. ज्या दिवशी मला लेक्चर नसायचं त्याच दिवशी जायचे, ओळीने पाच आठवडे गेले. मग ‘औद्योगिक वाहतूक अपेक्षेपेक्षा विरळ आहे’ असा निष्कर्ष छान अक्षरात लिहिला. सरांनी पहिलं पान उलटून एवढंच विचारलं, “वार कोणता होता?” तो तिथल्या कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार होता! पाच आठवडे मी बंद कारखान्यांची वाहतूक मोजत होते. त्या दिवशी घरी जाताना लोकलमध्ये रडले होते, हे आता सांगायला हरकत नाही.

तर विषय छोटा कसा करायचा? ‘फ्लेमिंगो’च्या जागी ‘नेरूळमधील फ्लेमिंगो’ लिहिलं की विषय छोटा झाला असं मुलं समजतात. तुझ्या विषयात खरा अडसर ‘परिणाम’ या शब्दाचा आहे. प्रदूषणाचा परिणाम म्हणायचा तर पाणी प्रयोगशाळेत तपासायला हवं, तेही अनेक वर्षं, आणि पक्ष्याच्या तब्येतीचं काही माप हवं. त्यातून हा पाहुणा. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत इथे, एरवी कच्छाकडे. त्याच्यात काही बिघडलं तर ते इथलं की तिथलं? हे तुला एका सत्रात जमणार नाही, आणि मला एका जन्मात जमलं नसतं.

तुला जमेल असा प्रश्न असा आहे : भरतीच्या दोन तास आधी, ऐन भरतीला आणि दोन तासांनंतर तळ्यावर किती पक्षी असतात? येत्या अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा दिवस जा, दिवसाउजेडी पडणारी भरती धर. वेळेबरोबर भरतीची उंचीही टाइड टेबलमधून लिहून घे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. दोन्ही दिवशी ‘भरती’ म्हणून एकच खूण केलीस तर पुन्हा माझ्या ट्रकांसारखं होईल.

‘मोजता येईनात’ हा आकडा नव्हे. आधी दहा पक्ष्यांचा गठ्ठा डोळ्यांत बसव आणि मग थव्यात असे गठ्ठे किती ते मोज. शेजारी मित्राला उभं कर. दोघांनी एकमेकांना न सांगता लिहायचं आणि घरी येऊन आकडे ताडून बघायचे. तुमच्या दोघांतलाच फरक केवढा येतो ते अहवालात लिही. परीक्षक ते पान वाचतील.

गर्दीची शंका मात्र टाकून देऊ नकोस. तिच्यासाठी एक गंमत आहे. पंधरवड्याने तीच तिथी परत येते पण वार पुढे सरकतो. तुझी त्रयोदशी रविवारी होती, पुढची बहुधा सोमवारी पडेल. म्हणजे भरतीची वेळ जवळपास तीच आणि रविवारची गर्दी नाही. त्या दिवशी सातला जा. फिरायला आलेली माणसंही मोज. तेव्हाही दोनच पक्षी दिसले तर फिरणारे निर्दोष सुटण्याची शक्यता वाढली.

ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची अधिसूचना, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२२ साली झालेला तिचा समावेश, हे सगळं प्रस्तावनेत घाल, पण अर्ध्या पानात आवर. आणि वही जपून ठेव. २०२४ साली याच तळ्यात भरतीचं पाणी येणं अडलं आणि ते सुकलं, तेव्हा केवढा आरडाओरडा झाला. अशा भांडणात तारीख-वेळ घातलेल्या आकड्यांच्या साध्या वहीला वजन असतं.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी कृती संशोधन प्रकल्प करायचा आहे. क्लासमधून ‘जलसंवर्धन’ सुचवलंय, थर्मोकोल आणून ठेवलाय, पण त्याला रसच नाही. त्याचं लक्ष भलतीकडेच. सोसायटीची टाकी भरून वाहू लागली की खिडकीत उभा राहतो आणि विचारतो, वॉचमनकाकांना ऐकू येत नाही का? (आई, पाचपाखाडी)

उत्तर : अहो, तुम्हीच विषय लिहून पाठवलात की! वॉचमनकाकांना ऐकू येत नाही का, हाच त्याचा प्रकल्प.

टाकीच्या ओव्हरफ्लोच्या पाइपखाली वीस लिटरची बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते बघायचं. तीस सेकंदांत भरली तर मिनिटाला ४० लिटर, आणि दहा मिनिटं कोणाचं लक्ष गेलं नाही तर ४०० लिटर. हे त्याचं त्यालाच करू द्या. गच्चीवर मात्र तुमच्यापैकी कोणी बरोबर हवं. मग दहा दिवस नुसतं लिहायचं : पाणी वाहू लागलं किती वाजता, मोटर बंद झाली किती वाजता. पुढचे दहा दिवस पाणी पडतं तिथे पत्र्याचा रिकामा डबा पालथा ठेवायचा. आवाज झाला की मोटर लवकर बंद होते का, ते बघायचं.

वॉचमनना आधी सांगा. माणसाला न सांगता त्याच्यावर नजर ठेवणं बरं नाही, आणि सहावीतल्या मुलाला ते आत्ताच कळलेलं चांगलं. सांगितल्यावर ते पहिल्याच दिवसापासून जास्त दक्ष होतील, ही अडचण आहेच. तीही मुलाला अहवालात लिहू द्या, त्याच्याच भाषेत, त्याच्याच शुद्धलेखनात. थर्मोकोल परत देऊन टाका.

प्रश्न : चॅटजीपीटीने दहा विषय सुचवले. त्यातला एक घेतला तर कॉलेजला कळेल का? (ऐरोली)

उत्तर : विषयावरून कळणार नाही. तोंडी परीक्षेत “हाच का घेतलास?” असं विचारल्यावर कळेल. यादी मागवली असती, पण त्यात ‘सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम’ आहे हे न बघता सांगते.

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम.ए. करतेय. लघुप्रबंधाचा विषय ‘नवी मुंबईच्या नागरीकरणाचे आगरी समाजावरील परिणाम’. मी स्वतः गावठाणातली. सिडकोने घेतलेल्या आजोबांच्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा, विकसित भूखंड मिळाला, त्यावर आता आमची इमारत आहे. सर म्हणतात, विषय फार पसरट आहे, आणि घरच्याच माणसांबद्दल लिहिशील तर निष्पक्ष कशी राहशील? मोठी आत्या मधूनच म्हणते, “माझी सही घेतली तेव्हा काय वाचून दाखवलं होतं?” पण हे प्रबंधात कसं घालायचं? पुढच्या महिन्यात चुलतभावाची हळद आहे, सगळ्या आत्या येतील. तेव्हाच मुलाखती उरकून घेऊ का? (विद्यार्थिनी, घणसोली)

उत्तर : तुझ्या सरांचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, ९५ गावांची जमीन गेली, १९८४ साली जासईला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, मग साडेबारा टक्के. हे लिहायला बसलीस तर ऐंशी पानं भरतील आणि त्यात तुझं एकही पान नसेल. हा इतिहास चार पानांत आटप.

तुझं पान आत्याच्या वाक्यात आहे. ते मी दोनदा वाचलं. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर घरातल्या मुलींची नावं लागली का? लागली नसतील तर हक्कसोड, म्हणजे आपला वाटा सोडल्याची सही, कधी झाली, कोणी करून घेतली, काय सांगून? हा प्रश्न घे. एकाच गावठाणातली दहा-बारा कुटुंबं बस्स झाली. ‘परिणाम’ हा शब्द इथेही काढून टाक.

प्रत्येक बहिणीबद्दल दोन वर्षं न चुकता लिही, लग्नाचं आणि सहीचं. कायदा मधल्या काळात बदलत गेला आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलगी वारस झाली. १९९४ साली महाराष्ट्रात, आणि २००५ साली देशभर, वडिलोपार्जित मालमत्तेत तिला जन्मापासूनचा हक्क मिळाला. १९९४च्या दुरुस्तीत मात्र आधीच लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या होत्या. त्यामुळे दोन सख्ख्या बहिणींची गोष्टही एकसारखी निघणार नाही, आणि तिथेच तुला काहीतरी सापडेल. शक्य तिथे हक्कसोडपत्र डोळ्यांनी बघ. बायका सहीचं वर्ष ‘थोरल्याच्या बारशाच्या आधी’ असं सांगतात. कागदावर तारीख असते. दोन्ही लिहून ठेव, आणि जुळली नाहीत तर आठवण चुकली असं लगेच ठरवून मोकळी होऊ नकोस.

निष्पक्षपणाचं म्हणशील तर मी त्या गावठाणात गेले तर मला चहा मिळेल आणि ‘सगळं राजीखुशीने झालं’ असं उत्तर मिळेल. तुला त्यापुढचं ऐकायला मिळेल. पण काही गोष्टी आत्या मला सांगेल आणि तुला सांगणार नाही, कारण तू भावाची मुलगी आहेस, शब्द घरी पोचेल ही धास्ती. म्हणून स्वतःच्या घरच्या मुलाखती वेगळ्या ठेव आणि त्या कोणत्या ते प्रबंधात उघड सांग. बाकीच्या कुटुंबांत भाऊ आणि बहीण यांना वेगवेगळं भेट.

नावं बदलणं पुरत नाही. ‘तीन भाऊ, एक बहीण, तळमजल्यावर मेडिकल’ एवढं लिहिलंस तरी अख्ख्या गावठाणाला घर कळेल. मेडिकलचं किराणा दुकान कर, किंवा दुकान काढूनच टाक. बोलून झाल्यावर लिहिलेलं तिला वाचून दाखव. काढ म्हणाली तर काढायचं, मग ते तुझं सगळ्यात चांगलं पान असलं तरी. कागद न वाचता सही घेतल्याचं दुःख ती तुला सांगतेय. संमतीपत्रावर तू तशीच सही घेऊ नकोस.

आणि हळदीच्या दिवशी अजिबात नाही. बारा बायका एका मांडवात, बाजूला डीजे, ज्यांच्याबद्दल विचारायचं ते भाऊ वाढायला उभे. त्या दिवशी आत्या म्हणेल, दादानं माझं काही कमी केलं नाही, आणि तेही त्या दिवसापुरतं खरंच असेल. तू जेव, नाच, वही घरी ठेव. लग्नाची गडबड संपून आठ-दहा दिवस गेले की आत्याला फोन कर आणि तिच्या घरी जा. दुपारी, तिची भांडी घासून झाल्यावर.