ब्रोकर तुमच्यासाठी काय करतो, आणि एक लाख कोणाच्या खात्यात टाकायचे

ताई, तुम्ही लिहिलंय की कापसाचे चुकारे आले, त्यातले एक लाख शेअरमध्ये टाकायचा विचार आहे. दारव्ह्याचा एक ओळखीचा माणूस म्हणतोय, "मी ब्रोकरचाच माणूस आहे, पैसे माझ्याकडे द्या, महिन्याला तीन टक्के देतो." आणि ब्रोकर आपल्यासाठी नेमकं करतो तरी काय, हे तुम्हाला समजून घ्यायचंय. आधी सांगून टाकतो, त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. काहून, ते ब्रोकरचं काम कळलं की लक्षात येईल.

आपण बाजार समितीत तूर नेतो तेव्हा अडत्या ती स्वतःसाठी घेत नाही. लिलाव होतो, व्यापारी घेतो, काटा होतो आणि अडत्या हिशोबपट्टी हातात देतो. ब्रोकरचं काम याच जातीचं आहे. एनएसई किंवा बीएसई या एक्स्चेंजवर, म्हणजे शेअर बाजारात, तुम्हाआम्हाला थेट सौदा करता येत नाही, तिथे सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदणी असलेला सदस्यच लागतो. तुम्ही सांगायचं, अमक्या कंपनीचे शंभर शेअर अमक्या भावात. तो ऑर्डर लावतो, सौदा जुळला की पैसे पोचते करतो आणि शेअर तुमच्या डिमॅट खात्यात, म्हणजे शेअर संगणकावर जमा राहतात त्या खात्यात, येतात. २०२३ च्या जानेवारीअखेरीपासून हा सगळा हिशोब पुढच्या कामकाजाच्या दिवशीच पूर्ण होतो.

शेअर मात्र ब्रोकरच्या ताब्यात राहत नाहीत. ते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीत, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेत, तुमच्या नावावर असतात. हे नीट समजून घ्या, कारण गडबडी इथेच होतात. कार्वी या मोठ्या ब्रोकरवर सेबीने नोव्हेंबर २०१९ मध्ये कारवाई केली. ग्राहकांनी दिलेल्या मुखत्यारपत्राच्या जोरावर त्यांचेच शेअर गहाण टाकले गेले होते. त्यानंतर नियम आवळले गेले. आता सरसकट मुखत्यारपत्राऐवजी डीडीपीआय नावाचं मोजक्या कामांपुरतं संमतिपत्र असतं, आणि तेही द्यायलाच पाहिजे असं नाही. दिलं नाही, तर सीडीएसएलच्या खात्यातले शेअर विकताना टीपिन, म्हणजे सीडीएसएलने दिलेला गुप्त आकडा, आणि ओटीपी टाकावा लागतो. दोन मिनिटं जास्त जातात, पण तुम्ही नवीन आहात, तर देऊ नका असंच मी म्हणेन.

आता तो दारव्ह्याचा माणूस. तालुक्याच्या ठिकाणी आपल्याला भेटतो तो बहुतेक वेळा ब्रोकर नसतो. तो ब्रोकरने नेमलेला ऑथराइज्ड पर्सन असतो. लोक अजून सबब्रोकरच म्हणतात. खात्याचा फॉर्म भरून घेणं, ॲप शिकवणं, तुमची ऑर्डर पुढे देणं, एवढं त्याचं काम. ग्राहकाचे पैसे किंवा शेअर स्वतःच्या नावावर घ्यायची त्याला परवानगीच नाही. रोख तर ब्रोकरलाही घेता येत नाही. आणि ठरावीक परताव्याची हमी कोणत्याच ब्रोकरला किंवा त्याच्या माणसाला देता येत नाही. महिन्याला तीन टक्के हे वाक्य तोंडातून निघालं की तो नोंदणी असलेला असो की नसो, तुमच्यासाठी विषय संपला.

पैसे जायचे ते तुमच्या बँक खात्यातून, ब्रोकरच्या ग्राहकांसाठीच्या खात्यात, आणि परत यायचे ते तुमच्याच बँक खात्यात. ब्रोकरकडे नुसते पडून असलेले पैसे त्याने तुम्ही निवडाल तसे दर महिन्याला किंवा दर तिमाहीला परत पाठवायचे असतात. ऑक्टोबर २०२५ पासून नोंदणीकृत ब्रोकरांना खास यूपीआय आयडी मिळाले आहेत. त्यांत बीआरके ही इंग्रजी अक्षरं आणि ॲटच्या खुणेनंतर व्हॅलिड हा शब्द असतो. एखाद्या माणसाच्या नावाचा यूपीआय दिला तर पैसे टाकूच नका.

फॉर्म भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या, हे मी हात जोडून सांगतो. आमच्या नात्यातल्या एका निवृत्त मास्तरांकडे ईमेल नव्हता, म्हणून फॉर्म भरणाऱ्याने आपलाच टाकला, नंबरही आपलाच. मास्तरांना वाटायचं, शेअर घेऊन ठेवलेत, पडून आहेत. इकडे त्यांच्या खात्यात रोज घेणं-विकणं चालू होतं आणि कागद सगळे त्याच्या ईमेलला जात होते. खातं रिकामं झालं ते तोट्याने कमी आणि दलालीने जास्त. ऑथराइज्ड पर्सनला दलालीतला वाटा मिळतो, त्यामुळे सौदे वाढले की त्याची कमाई वाढते. सगळे तसं वागत नाहीत. यवतमाळ-अमरावतीकडे प्रामाणिकपणे काम करणारे मी पाहिले आहेत. पण तुमचा नंबर खात्याला असला की एक्स्चेंजचा सौद्याचा मेसेज थेट तुम्हाला येतो, मधल्या माणसाला तो थांबवता येत नाही. डिपॉझिटरीकडूनही शेअरच्या शिलकीचं पत्रक येतं. ही दोन्ही कागदं ब्रोकरची नाहीत, म्हणून त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवा. फोनवरून ऑर्डर दिली, तर तिचा पुरावा ठेवायची जबाबदारी ब्रोकरवर असते. "तुम्हीच सांगितलं होतं" असं कोणी म्हणालं तर रेकॉर्डिंग मागा.

सौदा झाला की २४ तासांच्या आत कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची हिशोबपट्टी, यायला हवी. ती वाचायला शिका. समजा २५० रुपयांचे १०० शेअर घेतले, म्हणजे २५,००० चा सौदा. ब्रोकरची दलाली अर्धा टक्का असेल तर १२५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, साडेबावीस. एसटीटी, म्हणजे शेअरच्या सौद्यावरचा सरकारी कर, ०.१ टक्का, म्हणजे २५ रुपये. मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्का, जवळपास ४ रुपये, ते फक्त घेताना. शिवाय एक्स्चेंजचे किरकोळ पैसे. विकताना पुन्हा जवळजवळ एवढंच, वर डिमॅटमधून शेअर निघाल्याचं शुल्क. म्हणजे जाऊन-येऊन साडेतीनशेच्या वर गेले, भाव एक पैसाही न हलता. दलाली जास्तीत जास्त अडीच टक्के घेता येते, म्हणून सही करण्याआधी दर लिहून मागा.

ॲपवाल्या ब्रोकरांकडे दलाली नाममात्र किंवा शून्य असते, पण समोर बसून सांगायला कोणी नसतं. तुमच्याकडे मुलगी बारावीला आहे, फोन तिला छान समजतो, तर मी ॲपवाला ब्रोकरच घ्या म्हणेन. खातं उघडताना बेसिक सर्व्हिस डिमॅट मागा. चार लाखांपर्यंतच्या शेअरवर त्याला वार्षिक शुल्क लागत नाही. वारसाचं नाव त्याच दिवशी लावा.

कोणता शेअर घ्यावा हे ठरवणं हे ब्रोकरचं मूळ काम नाही. त्याच्याकडून सल्ला आला तरी तोटा तुमचाच. आणि फ्युचर-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावर लावायच्या जोखमीच्या सौद्यांत, कोणी ओढायला लागलं तर सेबीचाच आकडा सांगा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं. कापसाचा पैसा तिथे न्यायचा नाही.

त्या माणसाची नोंदणी आहे का, ते एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर ऑथराइज्ड पर्सनच्या यादीत पाहता येतं. ब्रोकरचा सेबी नोंदणी क्रमांक इंग्रजी आय-एन-झेड या अक्षरांनी सुरू होतो, तो सेबीच्या साइटवर मिळतो. शंका असेल तर सेबीच्या १८०० २६६ ७५७५ या नंबरवर मराठीतून विचारा. पुढे कधी तक्रार करायची वेळ आली तर आधी ब्रोकरकडे लेखी करा, मग स्कोअर्स या सेबीच्या तक्रारीच्या संकेतस्थळावर. तिथे २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

तुम्ही शेवटी सासऱ्यांच्या पेटीतल्या शेअर सर्टिफिकेटांचंही विचारलंय. ती सहकारी सूतगिरणीची किंवा सोसायटीची असतील तर शेअर बाजाराशी त्यांचा संबंध नाही, कोणताच ब्रोकर ती विकून देऊ शकत नाही. त्यासाठी त्या संस्थेकडेच जावं लागेल. कंपनीची असतील तर आधी वारसाच्या नावे करून मग डिमॅटमध्ये घ्यावी लागतात, कागदावरचे शेअर २०१९ पासून विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. त्यांच्यावर कोणाचं नाव छापलंय तेवढं कळवा, म्हणजे पुढची कागदपत्रं कोणती लागतील ते सांगतो.