भाचा म्हणतो ट्रायलमध्ये नाव देतो, काय करू?

प्रश्न : माझा भाचा फ्रान्समध्ये मास्टर्स करतोय. तिकडे नव्या औषधांच्या ट्रायलसाठी धडधाकट माणसं घेतात आणि पैसेही बरे देतात म्हणे, तर तो नाव द्यायचं म्हणतोय. त्यात माझ्या ताईने कुठेतरी वाचलं की तिकडेच मेंदूवरच्या एका औषधाने चांगला माणूस गेला, तेव्हापासून तिची झोप उडालीय. आधी प्राण्यांवर टेस्ट करतात ना, मग असं होतंच कसं?
– एक मावशी, नाशिक

उत्तर : ताईंनी वाचलं ते खरंय. रेन शहरातली जानेवारी २०१६ ची गोष्ट. औषधाला अजून धड नावही नव्हतं, नुसता नंबर, बीआयए १०-२४७४. कंपनी पोर्तुगालची, बियाल, आणि ट्रायल घेत होती बायोट्रायल. तेव्हा पेपरांनी 'गांजाचं औषध' म्हणून ठोकून दिलं, ते साफ चूक. आपल्याच शरीरात आनंदामाइड नावाचं एक द्रव्य बनतं, ते मोडणारं जे एन्झाइम आहे ते बंद पाडायचं म्हणजे दुखणं वगैरे कमी होईल, असा हिशोब होता. फायझरसारख्या कंपन्यांनी याच जातीची औषधं आधी माणसांना देऊन पाहिली होती, फारसा उपयोग झाला नाही पण मेंदूला असं काही झालं नव्हतं.

आणि हो, प्राण्यांवर टेस्ट झाली होती, उंदरापासून माकडापर्यंत. माणसांनाही १०० मिलिग्रॅमपर्यंत एकेक डोस देऊन झाला होता, गंभीर काही नाही. मग रोज द्यायला लागले, एका ग्रुपला अडीच, पुढच्याला पाच, मग दहा, मग वीस, म्हणजे दरवेळी दुप्पट, आणि त्यानंतर एकदम पन्नास! एन्झाइम बंद पाडायला याच्या कितीतरी कमी डोस पुरत होता, तरी पन्नास. या उडीवर फ्रान्सच्या औषध खात्याच्या तज्ज्ञांनी नंतर नेमकं बोट ठेवलं.

त्या ग्रुपमध्ये सहा जणांना खरं औषध आणि दोघांना नुसती प्लासिबो, म्हणजे औषधच नसलेला डोस. पाचव्या डोसनंतर १० तारखेच्या संध्याकाळी एकाला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीच्यांना सहावा डोस दिला!! मला राग येतो तो इथे. तो पहिला माणूस १७ तारखेला गेला, बाकी पाचही जण हॉस्पिटलात गेले, काहींच्या एमआरआयमध्ये मेंदूत रक्तस्राव दिसला. पुढे २०१७ मध्ये एक संशोधन आलं, त्यात दिसलं की हे औषध ठरलेल्या एन्झाइमवर थांबत नाही, चेतापेशींमधल्या इतर एन्झाइमनाही धरतं. तेच कारण असावं असं म्हणतात, पण पक्कं ठरलेलं नाही. त्या ट्रायलला साधारण १९०० युरो मिळणार होते.

भाच्याला सरसकट नाही म्हणू नका, ऐकणार नाही तसाही. बाजारात असलेल्याच औषधाची जेनेरिक गोळी असेल तर मी फार अडवणार नाही. पण माणसाला पहिल्यांदाच देतायत आणि तेही मेंदूवरचं, तर माझं उत्तर नाही. बाकी कशात गेलाच तर सही करायच्या आधी विचारायला सांगा की याआधी किती जणांना दिलंय, माझा डोस मागच्या ग्रुपच्या किती पट, आणि कुणी आजारी पडलं तर पुढचा डोस लगेच थांबतो का आणि ते आम्हाला त्याच दिवशी कळतं का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर सरळ उठून यायचं. आणि फॉर्मवर मायग्रेन, फिट्स, चालू गोळ्या काहीही लपवायचं नाही, पैशासाठी मुलं तेच करतात.