रात्री बाईक बाहेर रोडवर उभी असते, चोरी होऊ नये म्हणून काय करू?

तुम्ही लिहिलंय की विक्रोळीला भाड्याने राहता, बिल्डिंगला पार्किंग नाही, गाडी रात्रभर रोडवर असते आणि हँडल लॉक लावलं की पुरे होतं का. नाही होत. हे मी माझी गाडी घालवून शिकलोय म्हणून जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

मी भांडुप पश्चिमेला चाळीत राहतो, गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी पाण्याचा हंडा घेऊन आलं तरी आपण भिंतीला चिकटायचं, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या गाड्या बाहेर मेन रोडला. २०१८ च्या दिवाळीत घेतलेली स्प्लेंडर, २०२२ मध्ये गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या रात्री गेली. सकाळी बघतो तर दोन गाड्यांच्या मधे रिकामी जागा, खाली ऑइलचा एक डाग आणि त्याच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा धातूचा तुटका तुकडा. मेकॅनिकला दाखवला तर तो म्हणाला हे तुमच्या हँडल लॉकचं. हँडलला पाय लावून एक जोराचा झटका दिला की ते तुटतं, एवढाच त्याचा जीव. ढोल वाजत होते, आवाज कोणाला येणार?

पण खरी गोष्ट पुढे आहे. समोरच्या खोलीतल्या काकूंनी चोरांना पाहिलं होतं! दोन पोरं, एक माझ्या गाडीवर बसलेला आणि दुसरा मागून आपल्या गाडीवरून माझ्या फूटरेस्टला पाय लावून ढकलत नेतोय. काकू म्हणतात, "मला वाटलं पेट्रोल संपलंय रे." आता सांगा त्यांची काय चूक? असं ढकलत नेणारे आपण रोज एलबीएस रोडवर बघतो, कोणी थांबवून विचारतं का कधी. म्हणजे चोराला गाडी चालू करायची पण गरज नाही, फक्त चाकं फिरली पाहिजेत. म्हणून माझं सगळं गणित एकच, चाक फिरता कामा नये. बाकीचं नंतर.

डिस्क लॉक, म्हणजे चाकाच्या डिस्क ब्रेकच्या चकतीला लावायचं कुलूप, घ्या, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका, दोघंतिघं असले तर पुढचं चाक उचलून गाडी टेम्पोत टाकतात. आणि डिस्क लॉकसोबत ती रंगीत स्प्रिंगवाली दोरी मिळते ती हँडलला अडकवाच. मी पहिल्या आठवड्यातच लॉक विसरून गाडी काढली आणि चहाच्या टपरीसमोर सगळ्यांच्या साक्षीने आडवा झालो, दोरी शंभर-दीडशेची असेल, गुडघ्याचा खर्च जास्त झाला.

मेन म्हणजे जाड चेन. सायकलला लावतात ती प्लॅस्टिकच्या आवरणातली वायर नाही, ती कटरने एका दाबात जाते. कडक केलेल्या स्टीलची चेन घ्या, जड असते, हजाराच्या आसपास जाते, किंवा थोडी पुढे. ती मागच्या चाकातून आणि चेसिसमधून म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून, आणि शक्य असेल तर जमिनीत पक्क्या बसवलेल्या कशातून तरी घ्यायची, आमच्याकडे नाल्याच्या कठड्याचं लोखंड आहे त्यातून घेतो. चेन जमिनीवर लोळत ठेवू नका, खाली टेकलेली असली की कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून दुसऱ्यावर अख्खं वजन टाकता येतं, हवेत ताणलेली असली की दोन्ही हातांचाच जोर लावावा लागतो. वरून सायकलची जुनी ट्यूब चढवा, रिमला चरे पडत नाहीत. आणि एक, पावसाळ्यात लाइटच्या खांबाला नाहीतर त्या वीजेच्या डब्याला चेन बांधू नका प्लीज, करंट उतरला तर गाडी राहील आणि तुम्ही जाल.

कुलपात पाणी जाऊन ते गंजतं, दर पावसाळ्यात दोनतीनदा शिलाई मशीनचं तेल सोडायचं आणि चावीचं भोक खालच्या बाजूला येईल असं लावायचं. नाहीतर सकाळी सातला ऑफिसची वेळ आणि कुलूप उघडत नाही, मग आपणच चोरासारखे हॅक्सॉ शोधत फिरतो.

मधे आम्ही शेजाऱ्याची आणि माझी गाडी एकाच चेनने बांधायचो, आयडिया भारी होती, पण तो पहाटे चारला फुलं आणायला दादरला निघायचा. तीन दिवसांत माझ्या बायकोने ती भागीदारी मोडली.

गाडी चालूच होऊ नये याचेही उपाय आहेत, ते दुसऱ्या नंबरला. मेकॅनिककडून लपवलेला स्विच बसवून घ्या, दोनतीनशेचं काम, कुठे बसवलाय ते कोणाला सांगायचं नाही. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंग कापण्याआधी विचारा. २०२० नंतरची बीएस ६ इंजेक्शनवाली गाडी असेल तर रात्री मेन फ्यूज काढून खिशात टाकला तरी चालतं, पंपाला बॅटरी लागते. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बऱ्याच गाड्या बॅटरीशिवाय किकवर चालू होतात, तिथे फ्यूजचा उपयोग नाही. पेट्रोलचा कॉक बंद ठेवला तर थोडं अंतर जाऊन गाडी बंद पडते, बस तेवढंच.

जीपीएस ट्रॅकर आता मी बसवलाय, आत सिम असतं त्याचा रिचार्ज संपू देऊ नका. गाडी गेली आणि लोकेशन दिसलं तर मित्रांना घेऊन हिरोगिरी करायला जायचं नाही, ११२ ला फोन करून पोलिसांना द्यायचं. कव्हर घाला, साधं मळकं. गाडी कुठली आहे ते बघायला कव्हर उचलावं लागतं आणि कव्हर उचलणाऱ्याकडे लोक बघतात, ढकलणाऱ्याकडे बघत नाहीत हे तर वर सांगितलंच. जागा मिळाली तर रात्रभर चालू असलेल्या मेडिकलसमोर लावा. आणि नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याला, वॉचमनला, काकूंना गाडी तुमची आहे हे माहीत असू द्या.

एवढं करूनही सकाळी गाडी दिसली नाही तर आधी ट्रॅफिकवाल्यांनी टो केली का ते बघा, मी पण आधी तिथेच धावलो होतो. नसेल तर लगेच एफआयआर. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात ऑनलाइन माहिती देऊन तीन दिवसांत जाऊन सही करता येते, पण जवळ असाल तर थेट पोलीस स्टेशन गाठा. समोरच्या दुकानांचं सीसीटीव्ही त्याच दिवशी मागा, रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मला दोन आठवड्यांनी मोबाइलवर चलान आलं, विनाहेल्मेट, फोटोत माझीच स्प्लेंडर, ठाण्याच्या पुढे कुठेतरी. स्क्रीनशॉट पोलिसांना दिला, तोवर गाडी तिथून पण पुढे गेलेली. एफआयआर आधीच केलेला म्हणून ते चलान माझ्या गळ्यात पडलं नाही.

आता इन्शुरन्स, इथे मी खरा बुडालो. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा, एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, त्यासोबत शोरूममध्ये बहुतेकांना ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीचा विमा, एकच वर्षाचा देतात. कागदावर २०२३ दिसत होतं म्हणून मी निवांत. चोरीचे पैसे थर्ड पार्टीत नाही, ओन डॅमेजमध्ये मिळतात. तो चालू असता तर तीन-चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा कापून उरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, मिळाली असती. क्लेमला कंपनी दोन्ही चाव्या मागते, दुसरी चावी आज शोधून ठेवा. कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. उशीर झालाच तरी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की एफआयआर लगेच केला असेल तर निव्वळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही.

तर चेन उद्या घ्या, पण पॉलिसीची पीडीएफ आत्ताच उघडा. दोन तारखा असतील, त्यातली ओन डॅमेजसमोरची बघा. माझ्या कागदावर ती २०१९ ची होती.