चाळीस माणसं, घरचा स्वयंपाक आणि शेवटचा अर्धा तास

प्रश्न : काकू नमस्कार, मी सांगलीची, विश्रामबागला राहते. डिसेंबरात सासऱ्यांना ७५ पूर्ण होतायत. रविवारी संध्याकाळी घरीच जेवण ठेवायचं ठरवलंय, ४० माणसं होतील, त्यात सासऱ्यांचे जुने मित्र आणि शेजारची दोन जैन कुटुंबं. आचारी नको, घरचंच पाहिजे असा सासऱ्यांचा हट्ट आहे आणि मलापण ते आवडेल. मेनू असा काढलाय: पुरी, बासुंदी, गुलाबजाम, बटाट्याची भाजी, भरली वांगी, मटकीची उसळ, मसालेभात, वरणभात, टोमॅटो सार, कांदाभजी, पापड-कुरडई, कोशिंबीर, चटणी. हाताखाली जाऊबाई आणि नणंद. घरात दोन बर्नरची शेगडी आणि एक सुटी शेगडी. प्रमाणाचं काही कळत नाही, कमी पडलं तर काय ही धास्ती आहे. जमेल का?

उत्तर : जमेल, आणि छान जमेल, पण या मेनूवर नाही. प्रमाणाचं सगळं सांगते, आधी एक काम करा, कागद घ्या आणि प्रत्येक पदार्थापुढे लिहा की पानं मांडल्यावर याला गॅस लागणार का. पुरी लागणार, भजी लागणार, पापड ऐनवेळी तळायचे म्हटलं तर तेही लागणार, आणि सार, उसळ, वरण, भात हे सगळं गरम करायला लागणारच. शेगड्या तीन आणि शेवटच्या अर्ध्या तासात गॅसवर सात गोष्टी, मग सासऱ्यांना ओवाळायच्या वेळी तुम्ही तिघी घामाघूम होऊन कढईपाशी. घरच्या कार्यात कमी पडतं ते बहुतेक वेळा जेवण नसतं, घरच्या बाईला बाहेर येऊन बसायला वेळ मिळत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच, ऐनवेळी कढईत फक्त एक पदार्थ. तुमच्याकडे तो पुरी असू दे. बाकी सगळं असं निवडायचं की आधी होऊन बसेल.

आता जैन शेजाऱ्यांचं, कारण त्यावर अर्धा मेनू ठरतो. कांदा-लसूण-बटाटा नाही एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण गाजर, मुळा, बीट, ओलं आलंसुद्धा चालत नाही (सुंठ चालते, वाळलेली हळद चालते), बऱ्याच घरांत वांगं आणि मोड आलेली कडधान्यं वर्ज्य असतात, आणि दह्यात डाळीचं काही मिसळलेलं खात नाहीत. प्रत्येक घराचं पाळणं कमी-जास्त असतं, तेव्हा आठवडाभर आधी सरळ जाऊन विचारा, त्यांना बरंच वाटेल. आणि मुख्य म्हणजे सूर्यास्ताच्या आत जेवण. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे संध्याकाळी सातला बोलावलंत तर ती माणसं येतील, पाणीसुद्धा न घेता शुभेच्छा देऊन जातील. म्हणून मी म्हणते कार्यक्रम दुपारचा करा, साडेबाराला पानं. सासऱ्यांच्या वयाच्या मित्रांनापण दुपारचंच सोयीचं, रात्री जड जेवण त्यांना बाधतं आणि अंधारात परत न्यायला कुणीतरी लागतं.

मग मेनूतून गुलाबजाम काढा, बासुंदी असताना दुसरं गोड कशाला. भजी काढा. बटाटा आणि मटकी काढून त्याजागी ढब्बू मिरचीची पीठ पेरून भाजी करा, ती कांद्याशिवायच चांगली लागते आणि सगळ्यांना चालते. मसालेभात आपला मुळात गोड्या मसाल्यातलाच, त्यात कांदा-लसूण घालायचं कारणच नाही, तोंडली आणि मटार घालून सगळा भात एकाच पद्धतीचा करा, म्हणजे वेगळं पातेलं नाही आणि "हे तुमचं, हे आमचं" असंही होत नाही. सारही तसंच, जिरं-कढीपत्त्याच्या फोडणीचं. कोशिंबीर दही न घालता काकडी, दाण्याचं कूट, लिंबू. वरणभात राहू दे, पण थोडाच, एका कुकरचा, दात नसलेल्या आजोबांना आणि लहान पोरांना तोच लागतो.

भरली वांगी मात्र काढू नका, जैन शेजाऱ्यांना ढब्बूची भाजी आहेच, डिसेंबरात कृष्णाकाठची वांगी आलेली असतात, हिरवट, काटेरी देठाची, ती सोडून दुसरं काही करणं मला तरी पटणार नाही. माणशी १०० ग्रॅम धरून ४ किलो घ्या, लहान लहान, सगळी एका मापाची, आकार कमी-जास्त असला की काही शिजतात काही कच्ची राहतात. देठ ठेवून चार चिरा द्यायच्या, लगेच मिठाच्या पाण्यात टाकायची नाहीतर काळी पडतात. १ किलो वांग्याला पाव किलो दाण्याचं कूट, मूठभर भाजलेलं तीळ-खोबरं, चिंच-गूळ आणि आपला कांदा-लसूण मसाला. इथे नीट लक्ष द्या: मसाला आणि मीठ सरळ चारपट करायचं नाही. हिशोबाने जेवढं येतं त्याच्या पाऊणपट घाला, सारण दहा मिनिटं मुरू दे, मग चाखा, मग लागेल तसं वाढवा. प्रत्येक घरच्या मसाल्याचं तिखट वेगळं, आणि कमी असेल तर घालता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. शिवाय पंचाहत्तरीच्या मंडळींना झणझणीत नको, तिखटाची चटणी बाजूला ठेवा, पाहिजे तो घेईल.

आणि ४ किलो वांगी एका खोल पातेल्यात कोंबू नका, खालच्यांचा गाळ होतो आणि वरची टणक राहतात. दोन पसरट पातेली, प्रत्येकात दोनच थर, वर ताटात पाणी ठेवायचं, बारीक गॅस, डाव न घालता पातेलंच कडेने धरून हलवायचं. ताटातलं पाणी तापलं की तेच कडेने सोडायचं, थंड पाणी नाही. देठापाशी सुरी सहज गेली की बंद. अकरापर्यंत झाली तरी चालतात, तासाभरात रस मुरतो, वाढण्याआधी नुसतं वाफवायचं.

बासुंदी आदल्या दिवशी. माणशी वाटीभर आणि थोडी परत वाढायला म्हणून दीडशे मिली धरा, म्हणजे ६ लिटर, त्यासाठी म्हशीचं दूध १२ लिटर, निम्मं आटवायचं. दोन पसरट कढयांत निम्मं निम्मं घ्या, घरच्या बर्नरवर दोन-अडीच तास लागतात, उलथनं तळाला लागलं पाहिजे, कडेची साय सारखी आत ढकलत राहायचं. साखर शेवटी, १२ लिटरला साधारण १ किलो, थंड झाली की गोडी जरा कमी लागते हे धरून. झाली की कढई परातीतल्या गार पाण्यात ठेवून हलवत निववा, तशीच ओट्यावर रात्रभर ठेवू नका. फ्रीजमध्ये ६ लिटर मावत नसेल तर शेजारच्या फ्रीजची जागा आधीच मागून ठेवा. वाढायची गारच, म्हणजे गॅसचा प्रश्न मिटला. मधुमेह असलेल्यांसाठी साखर घालण्याआधी दोन-तीन वाट्या बाजूला काढा, त्यांना कुणी विचारत नाही आणि ते नुसते बघत बसतात, वाईट वाटतं.

भात ३ किलो तांदळाचा, पुरी असल्यावर माणशी ७० ते ७५ ग्रॅम पुरतो. दीड-दीड किलोची दोन पातेली करा. रोज आपण वाटीला सव्वादोन वाटी पाणी घालतो, मोठ्या पातेल्यात तसं घातलंत तर भाताचा गोळा होईल, कारण पाणी वाढलं तरी वाफेवाटे उडणारं पाणी त्या मानाने वाढत नाही. पावणेदोनपटच घाला, आणि उकळतं घाला. शिजला की झाकण न काढता पंधरा मिनिटं दमावर, वर जाड चादर गुंडाळून ठेवलीत तर तासभर गरम राहतो.

ढब्बू अडीच किलो, बेसन त्याच्या तिसऱ्या हिश्शाने, आधी कोरडंच खमंग भाजून घ्या म्हणजे भाजी चिकट होत नाही. पापड-कुरडया सकाळी नाश्त्याच्या आधीच तळून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात.

राहिली पुरी. माणशी ५ धरा, कुणी ८ खाईल, आजोबा ३ खातील, सरासरी तेवढीच पडते. म्हणजे २०० पुऱ्या. १ किलो कणकेच्या ४५ ते ५० होतात, तेव्हा साडेचार किलो कणीक, किलोला मूठभर बारीक रवा आणि थोडं मोहन, घट्ट मळा. रात्री मळून ठेवू नका, कणीक काळपट होते, अकराला मळली की पुरे. कढईत एका वेळी चार बसल्या तर २०० पुऱ्यांना साधारण तास लागतो, हा तास कागदावर आधीच दिसला पाहिजे. पंगती दोन, वीस-वीसच्या. पहिल्या पंगतीच्या निम्म्या पुऱ्या पानं मांडताना तयार, बाकीच्या वाढता वाढता. एकीने लाट्या करायच्या, एकीने लाटायचं, एकीने तळायचं, आणि दुसऱ्या पंगतीला पुरुषांपैकी कुणालातरी कढईवर उभं करा, तळणं काही अवघड नाही. तुम्ही तिघी दुसऱ्या पंगतीत सासऱ्यांच्या शेजारी बसून जेवायचं. हे आधीच घरात सगळ्यांना सांगून ठेवा, ऐनवेळी कुणी उठत नाही.

कमी पडायची फारच धास्ती असेल तर १ किलो कणीक आणि अर्धा किलो तांदूळ हाताशी ठेवा, पण शिजवू नका. कोरडं उरलं तर डब्यात परत जातं.

प्रश्न : मी साताऱ्यात नोकरीला आहे, खोली घेऊन राहतो. रविवारी १२ मित्र येणार, त्यांना कोरेगावचा वाघ्या घेवडा (राजम्याच्या जातीचं कडधान्य) खिलवायचाय, गावाकडून आणलाय. कुकर ५ लिटरचा. मागच्या वेळी तीन तास शिजवला तरी कडक राहिला. किती घ्यायचा आणि चुकतंय कुठे?

उत्तर : घेवड्याची निवड फार चांगली आहे तुझी, कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. भाकरी आणि भात बरोबर असेल तर माणशी ६० ग्रॅम, म्हणजे पाऊण किलो पुरेल. शिजून दुपटीपेक्षा जास्त होतो आणि कुकर कडधान्याला निम्म्याच्या वर भरायचा नसतो, तेव्हा दोन खेपा कर. रात्रभर भिजव, ते पाणी टाकून दे, नव्या पाण्यात शिजव. कडक राहण्याचं कारण बहुतेक हे की तू टोमॅटो किंवा चिंच आधीच घातली असणार, आंबट पडलं की सालं मऊ होत नाहीत. जुना घेवडापण वेळ खातो. आधी नुसता बोटाने चेपेल इतका शिजव, मग फोडणी, मसाला, आंबट. आणि एक महत्त्वाचं, अर्धाकच्चा घेवडा तसाच वाढू नकोस, त्या जातीच्या दाण्यात कच्चेपणी विषारी द्रव्य असतं, उलट्या-जुलाब होतात. कमीत कमी दहा मिनिटं खळखळून उकळल्यावरच ते जातं, मंद आचेवर नुसतं कोमट शिजवून जात नाही. कुकरमध्ये पूर्ण शिजला की काळजी नाही. भाकरी १२ जणांच्या एकट्याने थापू नकोस, जवळच्या पोळीभाजी केंद्रात सांगून ठेव.

प्रश्न : इस्लामपूरहून लिहितेय. मुलाच्या वाढदिवसाला मसालेभात उरला, रात्रभर पातेल्यात झाकून ठेवला, सकाळी चांगला वाफ येईपर्यंत गरम करून खाल्ला तरी दोघांना उलट्या झाल्या. वास तर अजिबात आला नव्हता, मग असं का?

उत्तर : भातात काही जिवाणूंची बीजं असतात ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही, म्हणून वाफ आणलीत तरी उपयोग झाला नाही. वासावर तर जाऊच नका. मोठं पातेलं झाकून ठेवलं की मधला भात कितीतरी तास कोमटच असतो, तिथेच घोळ होतो. पंगत उठली की उरलेला भात लगेच दोन-तीन परातींत पातळ पसरा, पंख्याखाली निववा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी एकदाच गरम करून संपवा. त्याहून सोपं म्हणजे पाहुणे निघतानाच डबे भरून द्या, पण घरी गेल्यावर लगेच फ्रीजमध्ये टाका असं सांगून द्या. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र कितीही जिवावर आलं तरी टाकायचाच, लहान मुलांना तर देऊच नका.

प्रश्न : काकडीच्या कोशिंबिरीला वाढेपर्यंत पाणी सुटतं. उपाय? (मिरज)

उत्तर : मीठ शेवटी. काकडी चोचवून गाळणीत ठेवा, कूट-मिरची-कोथिंबीर वेगळी मिसळून ठेवा, फोडणी गार करून ठेवा, आणि पंगत बसली की सगळं एकत्र करून मीठ आणि लिंबू घाला. खाली जमलेलं काकडीचं पाणी सारात घातलं तरी चालतं.